अणुकणांचा माग राखणारे प्लास्टिक

अणुकेंद्रातून बाहेर पडणारे कण इतके सूक्ष्म आणि वेगवान असतात की त्यांचे अस्तित्व नेहमीच त्यांनी मागे ठेवलेल्या परिणामांवरून ओळखावे लागते. गायगर काउंटरमध्ये हा परिणाम विजेच्या क्षणिक स्पंदाच्या रूपाने मिळतो, तर काही स्फटिकांमध्ये तो प्रकाशाच्या अंधुक चमकेच्या रूपाने मिळतो. दोन्ही ठिकाणी खूण उमटते आणि लगेच विरते, म्हणून ती टिपण्यासाठी विद्युतपुरवठा, वर्धक आणि सतत चालू असलेले नोंदणीयंत्र लागते. याहून अगदी वेगळ्या पद्धतीने काम करणारा शोधक म्हणजे साध्या पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होय. त्याला वीज लागत नाही, तारा लागत नाहीत आणि अंधारी खोलीही लागत नाही. विद्युतभारित कण त्याच्यातून गेला की त्या मार्गापुरते प्लास्टिक कायमचे दुखावते आणि ही दुखापत महिनोन्‌महिने, अनेकदा वर्षानुवर्षे, आपल्या जागी टिकून राहते. पुढे प्रयोगशाळेत योग्य रसायनाची प्रक्रिया केली की तोच अदृश्य मार्ग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतो.

या शोधकाचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की त्याचे सामर्थ्य त्याला काय दिसते यावर जितके अवलंबून आहे तितकेच त्याला काय दिसत नाही यावरही अवलंबून आहे. प्रकाश, क्ष-किरण, गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉन यांची तो दखलच घेत नाही. गेल्या सहा दशकांत वैज्ञानिकांनी या मर्यादेचाच हत्यारासारखा उपयोग करून घेतला असून घरातल्या हवेतील रेडॉनपासून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांपर्यंत अनेक प्रश्नांची उत्तरे मिळवली आहेत.

दुखावलेली साखळी

प्लास्टिक हे बहुवारिक असते, म्हणजे लहान रेणूंचे असंख्य घटक एकमेकांना जोडून तयार झालेल्या लांबच लांब साखळ्यांचे ते बनलेले असते. अल्फा कणासारखा, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र असलेला, विद्युतभारित कण अशा पदार्थात शिरला की तो वाटेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडत जातो. या क्रियेला आयनीभवन म्हणतात. या धडकेत आणि तिच्यामागून होणाऱ्या रासायनिक घडामोडींत साखळ्यांचे बंध तुटतात, तुटलेल्या टोकांशी क्रियाशील रेणूखंड तयार होतात आणि कणाच्या मार्गाभोवती काही नॅनोमीटर रुंदीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या काही पट इतका अरुंद, विस्कळीत पदार्थाचा एक स्तंभ उरतो. त्यालाच सुप्त माग असे म्हणता येईल, कारण तो प्रत्यक्षात असतो पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाही.

असा माग धातूमध्ये सहसा टिकत नाही. धातूत मुक्त इलेक्ट्रॉनांचा सुकाळ असतो, त्यामुळे कणाने निर्माण केलेली उणीव तत्क्षणी भरून निघते. काच, अभ्रक, स्फटिक आणि प्लास्टिक यांसारख्या विद्युतरोधक पदार्थांत मात्र भरपाई इतक्या तातडीने होत नाही. रॉबर्ट फ्लायशर, ब्यूफर्ड प्राइस आणि रॉबर्ट वॉकर या तिघा अमेरिकी वैज्ञानिकांनी १९६५ मध्ये स्फटिकांसाठी असे स्पष्टीकरण मांडले की इलेक्ट्रॉन गमावलेले धनभारित अणू शेजारी शेजारी उरल्यामुळे एकमेकांना जोराने दूर लोटतात आणि जाळीतील आपली जागा सोडतात. प्लास्टिकमध्ये त्याच्या जोडीला साखळ्या तुटणे ही क्रिया महत्त्वाची ठरते, आणि म्हणूनच प्लास्टिक हे काच किंवा अभ्रक यांच्यापेक्षा कितीतरी हलक्या कणांची नोंद घेऊ शकते.

कण किती दुखापत करील हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्याचा विद्युतभार आणि त्याचा वेग. भार जितका अधिक तितके आयनीभवन दाट होते, आणि ते भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग जितका कमी तितका कण प्रत्येक अणूच्या शेजारी अधिक वेळ घालवतो, म्हणून दुखापत वाढते. वेगवान कण पदार्थात शिरताना तुलनेने हलकी खूण करतो, पुढे तो मंदावत जातो तसा माग दाट होत जातो आणि थांबण्याच्या किंचित आधी तो सर्वांत दाट असतो. या एका नियमामुळे मागाकडे केवळ कण गेल्याची खूण म्हणून पाहण्याची गरज उरत नाही. त्याच्या आकारावरून कणाची ओळखही पटवता येते.

रसायनाने उघड होणारी खूण

सुप्त माग दृश्य करण्याच्या प्रक्रियेला प्रयोगशाळेत एचिंग म्हणतात. प्लास्टिकचा तुकडा सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, गरम द्रावणात बुडवला की त्याचा पृष्ठभाग सावकाश झिजू लागतो. परंतु ज्या ठिकाणी साखळ्या तुटलेल्या असतात तेथे द्रावण कितीतरी वेगाने आत शिरते. नांगरलेल्या रानात पावसाचे पाणी भुसभुशीत जागी आधी खोल उतरते आणि टणक जागी वरवर राहते, तसाच हा प्रकार असतो. परिणामी मागाच्या जागी एक शंकू तयार होतो, ज्याचे टोक कणाच्या मार्गाने आत गेलेले असते आणि तोंड पृष्ठभागावर उघडते. काही तासांत हे तोंड काही मायक्रॉन रुंद होते, आणि एक मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग असल्यामुळे महाविद्यालयातील सर्वसाधारण सूक्ष्मदर्शकही ते दाखवू शकतो.

सीआर-३९ या सर्वांत प्रचलित प्लास्टिकसाठी बहुधा लिटरभर द्रावणात २५० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, ७० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ६ तास असे प्रमाण घेतात. या परिस्थितीत अबाधित पृष्ठभाग ताशी सव्वा मायक्रॉनच्या आसपास झिजतो. मागाच्या दिशेने होणारी झीज आणि पृष्ठभागाची सर्वसाधारण झीज यांचे गुणोत्तर ही या शास्त्रातील मध्यवर्ती राशी आहे. गुणोत्तर एक असेल तर शंकू बनत नाही आणि कण गेला असूनही काहीच दिसत नाही. ते जितके मोठे, तितका शंकू खोल आणि निमुळता होतो. कण फार तिरपा आला असेल तरीही पृष्ठभागाची झीज शंकूला गाठते आणि तो पुसला जातो, म्हणून प्रत्येक प्लास्टिकसाठी एक सीमाकोन असतो व त्याहून तिरप्या कणांची नोंद होत नाही.

यावरून एचिंग ही किती काटेकोरपणे करण्याची क्रिया आहे हे लक्षात येते. तापमान एखाद्या अंशाने चढले किंवा द्रावणाची तीव्रता थोडी बदलली तरी झिजेचा वेग बदलतो आणि शंकूंच्या मापांची तुलना फसवी ठरते. म्हणून तापमान स्थिर ठेवणारे जलकुंड वापरतात, प्रत्येक वेळी ज्ञात कणांचा मारा केलेला एक तुकडा आणि मारा न केलेला एक कोरा तुकडा बरोबरीने बुडवतात, आणि कोऱ्या तुकड्यावर आढळणाऱ्या खुणा एकूण संख्येतून वजा करतात.

चष्म्याच्या भिंगापासून प्रयोगशाळेपर्यंत

या तंत्राचा आरंभ प्लास्टिकमध्ये झाला नाही. इंग्लंडमधील हारवेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात डी. ए. यंग यांनी १९५८ मध्ये लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावर युरेनियमच्या भंजनातून निघालेल्या तुकड्यांचा मारा केला आणि नंतर रसायनाने तो स्फटिक कोरला, तेव्हा तुकडे जेथे जेथे शिरले होते तेथे खड्डे उमटलेले आढळले. पुढच्याच वर्षी त्याच केंद्रातील ई. सी. एच. सिल्क आणि आर. एस. बार्न्स यांनी अभ्रकातील असे माग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहिले. या निरीक्षणांचे एका स्वतंत्र शास्त्रात रूपांतर केले ते मात्र न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी. १९६० च्या दशकात त्यांनी अभ्रकापाठोपाठ काच, खनिजे आणि अनेक प्रकारची प्लास्टिके तपासली आणि कोणता पदार्थ कोणत्या कणाला प्रतिसाद देतो याची शिस्तशीर मांडणी केली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानला जातो.

त्यांनी वापरलेल्या प्लास्टिकांमध्ये लेक्सान हे पॉलिकार्बोनेट महत्त्वाचे होते. हेच मजबूत आणि पारदर्शक प्लास्टिक अपोलो यानांतील अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांसाठीही वापरले गेले होते, त्यामुळे चंद्राच्या प्रवासाहून परतलेली शिरस्त्राणे ही अनायासे विश्वकिरणांचे शोधक ठरली. अपोलो-८ आणि अपोलो-१२ या मोहिमांतील शिरस्त्राणांवर एचिंग केल्यावर जड अणुकेंद्रांचे माग सापडले आणि अंतराळवीरांच्या डोक्यापर्यंत असे किती कण पोहोचतात याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

सीआर-३९ ची कथाही तितकीच बोधप्रद आहे. अमेरिकेतील कोलंबिया सदर्न केमिकल कंपनीने १९४० च्या सुमारास तयार केलेल्या रेझिनच्या मालिकेतील हे ३९ व्या क्रमांकाचे रेझिन होते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या इंधनव्यवस्थेत त्याचा उपयोग झाला, आणि युद्धानंतर १९४७ पासून त्याच्यापासून चष्म्याची हलकी भिंगे बनू लागली, जी आजही जगभर वापरली जातात. हेच भिंगाचे प्लास्टिक अणुकणांचा उत्कृष्ट शोधक आहे हे १९७८ मध्ये बी. जी. कार्टराइट, ई. के. शर्क आणि प्राइस यांनी दाखवून दिले. भिंगासाठी आवश्यक असलेली एकसारखी घडण आणि निर्दोष पारदर्शकता याच गुणांमुळे त्यातील शंकू स्वच्छ, गोलाकार आणि मोजण्यास सोपे येतात. शिवाय तोवरच्या बहुतेक प्लास्टिकांना हुलकावणी देणाऱ्या प्रोटॉनचीही त्यात नोंद होते.

न दिसण्याचा उपयोग

प्रत्येक पदार्थाला एक उंबरठा असतो, म्हणजे आयनीभवनाची दाटी त्या पातळीच्या खाली असेल तर शंकू उमटतच नाही. अभ्रकाचा उंबरठा इतका उंच आहे की त्यात केवळ जड अणुकेंद्रेच माग ठेवतात. पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बन, ऑक्सिजनसारखी मध्यम अणुकेंद्रे उमटतात. सेल्युलोज नायट्रेटमध्ये मंद अल्फा कणही नोंदले जातात आणि सीआर-३९ मध्ये प्रोटॉनपर्यंत उतरता येते. संशोधकाने प्रश्नानुसार पदार्थ निवडावा, म्हणजे नको असलेल्या कणांची गर्दी आपोआप गाळली जाते.

या गुणाचा सर्वांत सुंदर उपयोग १९८० च्या दशकात झाला. जड अणुकेंद्रे अल्फा कणांप्रमाणेच कार्बन किंवा निऑनसारखी संपूर्ण अणुकेंद्रेही क्वचित बाहेर टाकत असावीत, असे भाकीत १९८० मध्ये सँडुलेस्कू, पोएनारू आणि ग्राइनर यांनी केले होते. ऑक्सफर्डच्या रोझ आणि जोन्स यांनी १९८४ मध्ये रेडियम-२२३ मधून कार्बन-१४ बाहेर पडत असल्याचे इलेक्ट्रॉनिक शोधकाच्या साहाय्याने सिद्ध केले, परंतु त्यासाठी १८९ दिवस मोजणी करून त्यांच्या हाती अवघ्या ११ घटना लागल्या. कारण उघड होते: सुमारे अब्ज अल्फा कणांमागे एक कार्बन बाहेर पडत होता, आणि तेवढ्या अल्फा कणांच्या लोंढ्यात इलेक्ट्रॉनिक शोधक गुदमरून जाऊ नये म्हणून उगम अगदी क्षीण ठेवावा लागत होता. प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील आयसोल्डे या सुविधेत तयार केलेल्या रेडियमच्या समस्थानिकांसमोर पॉलिकार्बोनेटच्या फिती ठेवल्या. त्यांवर योजलेल्या एचिंगमध्ये अल्फा कण दिसतच नव्हते, म्हणून प्रबळ उगम वापरता आला आणि रेडियम-२२२ व रेडियम-२२४ यांतून निघणारे कार्बन-१४ चे माग निर्विवादपणे मोजता आले. १९८५ मध्येच युरेनियम-२३२ मधून निघणाऱ्या निऑन-२४ चा शोधही याच मार्गाने लागला, आणि ही घटना कार्बनच्या उत्सर्जनाहूनही कितीतरी दुर्मिळ होती.

घरातल्या हवेतला रेडॉन

सर्वसामान्य माणसाच्या आयुष्याशी या शोधकाचा सर्वांत जवळचा संबंध रेडॉनमुळे येतो. जमिनीत आणि बांधकामाच्या दगडमातीत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमच्या क्षयमालिकेत रेडॉन-२२२ हा रंगहीन, गंधहीन वायू तयार होतो, तो भेगांतून घरात शिरतो आणि खेळती हवा नसलेल्या खोल्यांत साठतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ, ३.८२ दिवस आहे. त्याच्या क्षयातून निर्माण होणारे पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू हवेतील धूलिकणांना चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथे अल्फा कण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचे महत्त्व मानले असून, घरांतील सरासरी पातळी शक्यतो घनमीटरला १०० बेक्वेरेलपर्यंत राखावी आणि ती ३०० च्या वर जाऊ नये, असे २००९ मध्ये सुचवले. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय.

रेडॉनची पातळी ऋतूनुसार, दिवसाच्या वेळेनुसार आणि खिडक्या उघड्या आहेत की बंद यानुसार बदलते, त्यामुळे एखाद्या तासाच्या मोजणीला फारसा अर्थ नसतो. येथे प्लास्टिकचा शोधक सर्वार्थाने योग्य ठरतो, कारण तीन-चार महिने भिंतीवर टांगलेल्या डबीत तो एकेक खूण साठवत राहतो आणि अखेरीस त्या साऱ्या काळाची सरासरी देतो. डबीच्या तोंडावर बसवलेली गाळणी वायूला आत सोडते, पण धूलिकणांना चिकटलेले अणू बाहेरच अडवते. या कामासाठी एलआर-११५ ही सेल्युलोज नायट्रेटची फिल्म विशेष प्रसिद्ध आहे; पॉलिएस्टरच्या आधारावर अवघ्या १२ मायक्रॉन जाडीचा गडद लाल थर असे तिचे स्वरूप असते. सौम्य एचिंगनंतर या थराला आरपार पडलेली भोके लाल पार्श्वभूमीवर उजळ ठिपक्यांसारखी दिसतात. भोके यंत्राने मोजण्याची एक युक्तीही आहे: फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पातळ पडदा ठेवून विद्युतदाब दिला की प्रत्येक भोकातून ठिणगी उडते, त्या जागचे अ‍ॅल्युमिनियम उडून जाते आणि तेच भोक दुसऱ्यांदा मोजले जात नाही.

या फिल्मचा अधुरेपणाही येथे कामी येतो. फिल्मवर आदळताना साधारण दीड ते साडेचार दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असलेले अल्फा कणच तिच्यात पूर्ण भोक पाडतात. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणुविश्वातील ऊर्जेचे छोटे परिमाण आहे. पोलोनियमचे अणू फिल्मवरच बसून क्षय पावले तर त्यांच्या अल्फा कणांची ऊर्जा ६ किंवा ७.६९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, त्यामुळे ते नोंदले जात नाहीत आणि मोजणी बिघडवत नाहीत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी याच तत्त्वाचा उलट दिशेने उपयोग करून घेतला: फिल्मवर ठरावीक जाडीचा अडथळा ठेवला की केवळ सर्वाधिक ऊर्जेचे अल्फा कणच मंदावून योग्य ऊर्जेने फिल्मपर्यंत पोहोचतात, आणि रेडॉनपासून बनलेल्या व पृष्ठभागावर बसलेल्या अणूंचे प्रमाण थेट मोजता येते. थोरियमपासून तयार होणारा थोरॉन हा रेडॉनचाच समस्थानिक आहे, पण त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद असते. त्याच्या क्षयातून बनलेल्या अणूंसाठी अडथळ्याची जाडी वेगळी निवडतात. थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूचे किनारे असलेल्या भारतासारख्या देशात या मोजमापाला वेगळे महत्त्व आहे.

भूतकाळातील रेडॉनही या पद्धतीने अजमावता येतो. हवेतील क्षयजन्य अणू काचेवर बसले की अल्फा क्षयाच्या धक्क्याने काही अणू काचेत रुततात आणि कालांतराने त्यांचे २२ वर्षे अर्धायुष्याच्या शिसे-२१० मध्ये रूपांतर होते. त्यातून पुढे निर्माण होणाऱ्या पोलोनियम-२१० चे अल्फा कण जुन्या तसबिरीच्या काचेवर सीआर-३९ चा तुकडा लावून मोजले, तर त्या घरात गेल्या काही दशकांत रेडॉन किती होता याचा अंदाज बांधता येतो.

भाररहित कणाची अप्रत्यक्ष नोंद

न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे तो स्वतः माग ठेवत नाही, तरीही तो मोजता येतो. वेगवान न्यूट्रॉन प्लास्टिकमधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रावर आदळला की तेथील प्रोटॉन उसळून पुढे जातो आणि सीआर-३९ मध्ये त्या प्रोटॉनचा माग उमटतो. मंद न्यूट्रॉनसाठी प्लास्टिकला लागून बोरॉनचा थर ठेवतात, कारण बोरॉन-१० मध्ये न्यूट्रॉन शोषला गेला की अल्फा कण आणि लिथियमचे अणुकेंद्र बाहेर पडते. भारतात न्यूट्रॉनच्या सान्निध्यात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरील बिल्ल्यात याच प्लास्टिकचा वापर होतो आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची व्यक्तिगत देखरेख सेवा त्यावरून मात्रा ठरवते. कर्मचाऱ्याला त्याच ठिकाणी गॅमा किरणांचाही सामना करावा लागत असला तरी प्लास्टिक त्यांच्याकडे दुर्लक्ष करते, ही या बिल्ल्याची जमेची बाजू आहे. अमेरिकेतील लिव्हरमोर आणि रोचेस्टर येथे प्रबळ लेसरच्या साहाय्याने अणुसंमीलन घडवण्याच्या प्रयोगांतही हाच गुण कामी येतो, कारण तेथील क्ष-किरणांच्या आणि विद्युतचुंबकीय कल्लोळाच्या झंझावातातही सीआर-३९ चे तुकडे आपले काम निर्वेधपणे करतात.

अनुराधा: काळाची नोंद ठेवणारे प्लास्टिक

या शोधकाची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्याला वेळेचे भान नसते. माग दिसतो, पण तो केव्हा उमटला हे कळत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या अनुराधा या प्रयोगाने ही उणीव मोठ्या कल्पकतेने दूर केली. २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-३ मोहिमेबरोबर हे उपकरण सुमारे ३५० किलोमीटर उंचीवरील कक्षेत गेले. त्यात सीआर-३९ च्या तक्त्यांच्या दोन चळती होत्या; वरची स्थिर आणि खालची अगदी सूक्ष्म टप्प्यांनी सतत फिरणारी. वरच्या चळतीतून खाली गेलेल्या कणाचा माग दोन्हींत उमटे, आणि नंतर प्रयोगशाळेत वरचा माग सरळ पुढे वाढवून खालच्या मागाशी जुळवताना चळत किती फिरवावी लागते, यावरून तो कण कोणत्या वेळी आला हे समजे.

वेळ कळण्याला एवढे महत्त्व असण्याचे कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. एखादा कण त्या क्षेत्रातून आत येऊ शकेल की नाही हे त्याच्या संवेगाला भाराने भागून मिळणाऱ्या राशीवर अवलंबून असते, आणि ही मर्यादा ठिकाणागणिक बदलते. उपकरणात शिरताच आयनाचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन गळून पडतात, म्हणून मागावरून त्याच्या अणुकेंद्राचा भार आणि ऊर्जा कळते, पण अवकाशातून येताना त्याच्यावर प्रत्यक्ष किती भार होता हे कळत नाही. आगमनाची वेळ ठाऊक झाली की त्या क्षणी यान कोठे होते हे समजते. आणि पूर्ण आयनीभूत कणाला जेथे प्रवेश अशक्य आहे तेथे जर तो सापडला, तर त्याचा भार कमी होता हे सिद्ध होते. असंगत विश्वकिरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑक्सिजन, निऑन आदींच्या कणांविषयी १९७४ मध्ये फिस्क, कोझलॉव्हस्की आणि रॅमॅटी यांनी असे मत मांडले होते की ते मूळचे आंतरतारकीय अवकाशातील उदासीन अणू असून सूर्याजवळ आल्यावर त्यांचा एखादाच इलेक्ट्रॉन सुटतो आणि मग सौरवाताबरोबर दूर जाऊन ते वेग घेतात. अनुराधाच्या नोंदींनी या एकभारित आयनांच्या कल्पनेला पुष्टी दिली.

एका दाव्याचा धडा

माग वाचताना किती सावध राहावे लागते याचे स्मरण १९७५ मधील एक प्रकरण करून देते. चुंबकाचा एकच ध्रुव धारण करणारा कण अस्तित्वात असू शकतो, असे पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये सुचवले होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील सू सिटी येथून उंच आकाशात सोडलेल्या बलूनमधील लेक्सानच्या थरांत प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण माग आढळला: एकामागून एक तक्त्यांत दुखापत दाट होती, पण कण मंदावताना ती जशी वाढायला हवी तशी वाढत नव्हती. चुंबकी एकध्रुवाकडून नेमकी हीच अपेक्षा असल्यामुळे त्याचा पुरावा मिळाल्याचे १९७५ मध्ये जाहीर झाले. लुइस अल्व्हारेझ यांनी मात्र लगेच दाखवून दिले की प्लॅटिनमचे एखादे अणुकेंद्र वाटेत टकरा होऊन टप्प्याटप्प्याने लहान होत गेले, तर भार घटल्याने आणि वेग कमी झाल्याने होणारे परिणाम एकमेकांना भरून काढतात आणि तसाच माग दिसू शकतो. पुढे प्राइस यांच्या गटाने स्वतःच्या नोंदींची पुन्हा कसून तपासणी केली आणि एकध्रुवाचा दावा टिकला नाही.

या घटनेने पद्धतीची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट तिची शिस्त वाढली. बोलिव्हियातील चाकाल्ताया पर्वतावर ५,२३० मीटर उंचीवर सुमारे ४०० चौरस मीटर प्लास्टिक मांडून एकध्रुवाचा शोध घेण्यात आला, आणि सर्नच्या महाकाय कणत्वरकावरील मोएडल प्रयोगातही प्लास्टिकचे शोधक लावण्यात आले. एकध्रुव अद्याप सापडलेला नाही; परंतु तो किती दुर्मिळ असला पाहिजे याच्या मर्यादा या प्रयोगांनी बऱ्याच कडक केल्या आहेत, आणि विज्ञानात अशा नकाराचे मोल होकाराइतकेच असते.

साधेपणाची जबाबदारी

मागांचा उपयोग केवळ मोजणीपुरता राहिलेला नाही. पातळ पॉलिकार्बोनेटवर जड आयनांचा मारा करून एचिंगने माग आरपार कोरले की एकसारख्या व्यासाची असंख्य छिद्रे असलेली गाळणी तयार होते, आणि अशा गाळण्या हवेतील सूक्ष्मकण टिपण्यापासून पेशी वेगळ्या करण्यापर्यंत अनेक कामांसाठी वापरल्या जातात. तरीही या पदार्थाचे खरे महत्त्व मापनातच आहे, आणि तेथे त्याच्या स्वस्ताईमुळे निष्काळजीपणाला वाव मिळणार नाही हे पाहावे लागते. उष्णतेने माग पुसट होतात, साठवणुकीच्या काळात प्लास्टिकची संवेदनशीलता बदलते, एका घाण्यातून निघालेला माल दुसऱ्यापेक्षा थोडा वेगळा असतो आणि पृष्ठभागावरील ओरखडा अननुभवी डोळ्याला माग वाटू शकतो. स्वयंचलित सूक्ष्मदर्शक आणि प्रतिमा-विश्लेषण यांनी मोजणीचे कष्ट कमी केले असले, तरी प्रमाणीकरणाची, म्हणजे ज्ञात मात्रेशी ताडून पाहण्याची, गरज त्यांमुळे टळलेली नाही.

महागड्या उपकरणांवाचून, एक जलकुंड, थोडा कॉस्टिक सोडा आणि एक सूक्ष्मदर्शक एवढ्या साधनांनिशी अणुकेंद्रीय भौतिकीचे खरेखुरे संशोधन करता येते, ही गोष्ट मर्यादित साधनांच्या महाविद्यालयांसाठी आणि विद्यापीठांसाठी फार मोलाची आहे. भारतातील अनेक विद्यापीठांनी घरांतील रेडॉनची सर्वेक्षणे याच बळावर केली आहेत. या पद्धतीत उत्तर यंत्राच्या पडद्यावर आयते मिळत नाही. कोणता पदार्थ निवडला, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, कोरा तुकडा बरोबर ठेवला होता का, द्रावणाचे तापमान स्थिर होते का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संशोधकालाच द्यावे लागते, आणि हीच सवय विद्यार्थ्याला मापनशास्त्राचा पहिला आणि सर्वांत टिकाऊ धडा देते.